दहावीचे वर्ष आणि रविवारची अंधशाळा

जून महिन्यात एक जोडपे आपल्या दहावीतल्या मुलीला घेऊन करिअर समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. वडिलांनी बसता बसताच विषयाला हात घातला. "मॅडम, दहावीचं वर्ष आहे आणि ही दर रविवारी अंधशाळेत जायचं म्हणते. सेवा वाईट नाही, पण ती पुढेही करता येईल; हे वर्ष पुन्हा येणार नाही." ही काळजी मी दरवर्षी ऐकते आणि ती मला कधीच अनाठायी वाटलेली नाही.

मुलगी नववीत असताना बोर्डाच्या परीक्षेत एका अंध विद्यार्थिनीची लेखनिक झाली होती. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे दहावीच्या परीक्षार्थींसाठी नववीतल्या मुलांचा शोध असतो. परीक्षार्थीला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो आणि लेखनिकालाही तेवढा वेळ लक्ष एकवटून बसावे लागते. परीक्षेआधी दोघींनी काही आठवडे एकत्र सराव केला होता.

"पुढे काय करावंसं वाटतं?" या प्रश्नावर ती एवढेच म्हणाली, "मला समाजसेवा करायची आहे." कल चाचणीचा निष्कर्षही साधारण तेच सांगत होता. तिथेच थांबून मी समाजकार्याच्या पदवीची माहिती देऊन मोकळी झाले असते, तर ती माझी चूक ठरली असती, कारण "समाजसेवा" या शब्दातून त्या मुलीविषयी फारसे काहीच कळत नव्हते. म्हणून मी तिला सांगितले, की काय आवडले ते राहू दे, सरावाच्या दिवसांत तू काय काय केलेस ते पहिल्यापासून सांग.

मग ती मोकळी झाली. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ब्राझीलचा आकार शब्दांत सांगता येईना, म्हणून तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून सीमारेषा केली, ॲमेझॉनसाठी सुतळी लावली आणि राजधानीच्या जागी आईची टिकली. त्या अंध मैत्रिणीने पश्चिमेकडून पूर्वेकडे सुतळीवरून बोट फिरवले आणि विचारले, "नदी मुखाशी रुंद होते ना? मग इथे सारखीच का लागते?" त्या रात्री हिने मुखाशी सुतळीचे आणखी दोन पदर चिकटवले. हे सांगताना तिची बोटे माझ्या टेबलावर नदी काढत होती. मदत केल्याच्या समाधानाविषयी तिने चकार शब्द काढला नाही. तिला पडलेला प्रश्न होता तो एखादी गोष्ट न पाहणाऱ्याला कशी दाखवावी याचा.

माझ्या मते सेवाकार्याचा करिअरच्या शोधात खरा उपयोग असतो तो इथे. समोर गरज असलेले माणूस असते, केलेले काम त्याला उपयोगी पडले की नाही हे लगेच कळते आणि फसल्यावर आपण ते पुन्हा करायला बसतो की सोडून देतो, हेही कळते. प्रमाणपत्रापुरत्या केलेल्या तासांतून यातले काही हाती लागत नाही.

त्यानंतर आम्ही चौघांनी पर्याय मांडले. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करून विशेष शिक्षक होता येते. डिझाइनच्या पदवीसाठी असलेली यूसीड परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारपद्धतीला, मात्र विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागते. नकाशाशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर भौगोलिक माहिती नकाशांत मांडण्याचे तंत्र) हा मार्ग वडिलांनी पहिल्यांदाच ऐकला. यातला कोणताही मार्ग त्या दिवशी निवडायचा नव्हता. अंधशाळेतल्या एका विशेष शिक्षिकेला भेटून त्यांचा दिवस कसा जातो हे विचारून यायचे, एवढेच ठरले, आणि वडिलांनी सोबत जावे असा आग्रह मी धरला.

वेळेची गोष्टही स्पष्ट बोलून घेतली. रविवारचे दोनच तास, पूर्वपरीक्षेपासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत पूर्ण सुटी, आणि दर भेटीनंतर वहीत तीन ओळी: काय केले, कुठे अडले, काय जाणून घ्यावेसे वाटले. सुटीचा भाग तिला आवडला नाही, पण तिने मानला. दहावीचा अभ्यास मागे पडू न देण्याची जबाबदारी तिची आहे, हे तिला माझ्याकडूनही ऐकायला मिळणे आवश्यक होते.

ऑगस्टमध्ये ते पुन्हा आले. वडिलांची काळजी मिटलेली नव्हती, पण प्रश्न बदलला होता: "अकरावीला विज्ञान घेऊन भूगोल ठेवता येतो का?" येतो, मात्र प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवतातच असे नाही, म्हणून जवळपासच्या महाविद्यालयांत चौकशी करून यादी आणण्याचे काम मी मुलीकडेच सोपवले.