वाचकांचे प्रश्न : पैसा शिबिराला द्यायचा की हंगामाला?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वाळूज एमआयडीसीत छोटं युनिट आहे. आम्ही चार-पाच युनिटवाले मित्र मिळून किनवटकडच्या आदिवासी बायांच्या छोट्या धंद्यांसाठी सहा लाख रुपये काढून ठेवलेत. एका संस्थेनं प्रस्ताव दिलाय, तीन दिवसांचं उद्योजकता शिबिर, शंभर महिला, जेवण, किट, सर्टिफिकेट, बॅनरवर आमची नावं. कागदावर चांगलं दिसतंय पण मन मानत नाही. द्यावेत का? आणि हे सीएसआरमध्ये बसेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, सीएसआरचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचं, आधी उरकते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू होतं ते नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तर, मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात. तुमची युनिटं त्यात येत नसणार, म्हणजे सक्ती काहीच नाही, तुम्ही स्वखुशीनं देताय. आणि त्यामुळं मार्चएंडच्या आत पैसे संपवायची घाई तुम्हाला नाही, हे फार मोठं आहे, कारण हे काम मार्चएंडला नाही, हंगामाला धरून चालतं.

शिबिराला मात्र देऊ नका, स्पष्टच सांगते. उद्योगाचं ट्रेनिंग जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, फुकट मिळतं, राहणं-जेवण धरून, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असाही नियम आहे. बचत गटांच्या उमेद या सरकारी अभियानातल्या सीआरपी ताया, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या बायाच, गावोगाव फिरतात. म्हणजे जे फुकट आहे तेच तुम्ही विकत घेणार, वर बॅनर. आणि या बायांना धंदा येत नाही असं कोण म्हणतं? कोलाम, गोंड, आंध घरांतल्या बाया मोहफूल, चारोळी, डिंक, सीताफळ बाजारात विकतच आल्यात, कुणाची किती उधारी हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याकडं नसतो तो हंगामातला पैसा.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तिकडं जाऊन बघा एकदा. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जागा साफ केलेली असते, उजाडायच्या आत पोरंबाळं घेऊन बाया टोपली भरायला लागतात, कारण ऊन चढलं की फूल मलूल पडतं आणि ढोरंही येतात खायला. घरी आणून अंगणात पसरायचं, ते वाळून तांबूस-तपकिरी होईस्तोवर राखत बसायचं, अवकाळीचा एक शिडकावा आला की काळं पडतं. एवढं करून ते फूल विकलं जातं कधी, तर लगेच, त्याच आठवड्यात, दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या तराजूवर, कारण घरात किराणा नाही, पुढं पेरणीचं बियाणं घ्यायचंय. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो तेव्हाच भाव पडलेला असतो आणि पावसाळ्यात माल संपला की तो चढतो, पण तोवर फूल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेलं असतं. भाव वाढेपर्यंत थांबायला जे बळ लागतं ना, ते तीन दिवसांच्या शिबिरात शिकवून येत नाही हो.

चारोळीचंही तेच. शहरात दुकानात चारोळी किलोला हजाराच्या वर जाते, पण बाई विकते ते न फोडलेलं बी, मापानं. फोडायला दगड किंवा जातं, हात सोलून निघतात, दिवसभर बसून निघणार मूठ-दोन मूठ, आणि तेवढे दिवस रोजगार कोण देणार? म्हणून बी तसंच जातं आणि खरा पैसा फोडणाऱ्याला मिळतो. फोडायची छोटी मशीन मिळते, पण मशीन देऊन मोकळं होऊ नका, बी विकत घ्यायला गटाकडं रोख रक्कम नसेल तर ती मशीन वर्षभरात कोंबड्या बसायची जागा होते.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर सहा लाख असे लावले असते. तीन लाख गावच्या ग्रामसंघाला, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाला, फिरता निधी म्हणून, हंगामात बायांना मालाच्या बदल्यात अर्धी-पाऊण रक्कम जागेवर द्यायची, माल गटाकडं साठवायचा, भाव आला की विकून बाकीचे पैसे द्यायचे, निधी परत पुढच्या हंगामाला तयार. दोन लाख चाळीस हजार म्हणजे महिन्याला दहा हजारांनी दोन वर्षं, हे त्याच भागातल्या एका पोरीच्या मानधनाला, जिला कोलामी किंवा गोंडी येते, बँकेत जाऊन फॉर्म भरता येतो आणि जी पाच वाजता गाडी पकडून शहरात परत जाणार नाही. यावर काटकसर करू नका, माझ्या मते सगळं काम त्या पोरीवर उभं राहतं. उरलेल्या साठ हजारांत वजनकाटा, ताडपत्र्या, माल ठेवायला कोरडी खोली, आणि खायच्या मालासाठी एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचं, रजिस्ट्रेशन, जे छोट्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत होतं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर फुकटच आहे, कुणी त्याचे हजार-दोन हजार मागत असेल तर तिथूनच उठा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते, व्यापाऱ्याला सरळ खलनायक ठरवू नका. रात्री बारा वाजता पोरगं तापानं फणफणलं तर पैसे तोच काढून देतो, आणि त्याची परतफेड म्हणून मोह त्याच्याकडं जातो. तुमच्या निधीतून गटानं अडीनडीला थोडी रक्कम बाजूला ठेवली नाही तर बाया परत त्याच्याच दारात जाणार, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

सरकारी योजनाही आहेत. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आदिवासींसाठीच्या शबरी महामंडळाची कर्जं आहेत, २०१८ पासून वनधन केंद्रं आहेत, म्हणजे गटांनी मिळून जंगलातल्या मालावर प्रक्रिया करून विकायची केंद्रं, साधारण ३०० जणांच्या केंद्राला १५ लाखांपर्यंत मदत, आणि कोलाम हे अतिअसुरक्षित आदिम जमातीत येत असल्यानं नोव्हेंबर २०२३ च्या पीएम-जनमन या अशाच जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेतही त्यांना वनधन केंद्रं मिळू शकतात. पण यातलं काहीही मिळवायचं तर गटाचा हिशोब, बँक खातं, माल विकल्याच्या पावत्या हाताशी असल्या की सोपं जातं. तुमच्या पैशातून ते कागद तयार झाले तर पुढची मोठी रक्कम सरकारकडून येऊ शकते.

त्या संस्थेला एवढंच विचारा, मागं जिथं शिबिर घेतलं त्यातल्या किती बाया आज काय विकतायत, आम्हाला भेटवा. भेटवल्या तर त्या संस्थेसोबतच हा हंगामाच्या निधीचा प्रकार करा. आणि एखादं वर्ष अवकाळीनं मोह गेला तर निधी बुडाला म्हणून पाय मागं घेऊ नका, निदान दोन हंगाम धरून चाला.

प्रश्न : ताई, आमचा दहा जणींचा गट आहे, कोलाम पोडावरचा, म्हणजे आमच्या वस्तीतला. टोपल्या, सुपं करतो, चारोळी पण विकतो. शहरातले एक साहेब मशीन आणि एक लाख रुपये देतो म्हणतात पण पाकिटावर त्यांच्या कंपनीचं नाव आणि पाच वर्षं माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असा कागद आहे. सही करावी का?
– गटाची सचिव, किनवट तालुका

उत्तर : बाई, आज सही करू नको. मदत देणारा आणि माल घेणारा एकच माणूस असला की भाव तोच ठरवतो, आणि त्या कागदावर भाव लिहिलाय का ते आधी बघ. लिहिलेला नसेल तर पाच वर्षं तो देईल त्या भावानं देत बसावं लागेल. साहेबांना सांग, फार तर एक वर्ष, तेही निम्म्या मालाचं, बाजारभावाच्या खाली नाही, पैसे माल उचलायच्या दिवशीच, पाकिटावर गटाचं नाव मोठं आणि त्यांचं खाली बारीक. मशीन गटाच्या नावावर, बिलासकट. ते चिडले तर चिडू देत, खरंच मदत करायची असेल तर यातलं बरंच मान्य होईल.

कागद मराठीत मागून घे, कोलामीत सगळ्या जणींना वाचून समजावून सांग, आणि मग ग्रामसभेत ठेव. ग्रामसभेचं मी उगाच म्हणत नाहीये. वनहक्क कायदा २००६ मध्ये बांबू हा गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, धरलाय, चारोळीही आहेच, आणि ते गोळा करायचा, विकायचा मालकी हक्क तुमचा आहे. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणं वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेची समितीच देते. तुमच्या पोडाला सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालाय का ते ग्रामसेवकाला विचार, झाला नसेल तर साहेबांच्या कागदाआधी तो अर्ज भरा. मालाचा हक्क कागदावर तुमच्या नावानं आला की मग कोण किती पैसे देतो ते बघता येईल.