ट्रेकच्या बॅगेत चाकू: पहिल्यांदा निघताना

भावा, पन्हाळा ते पावनखिंड पहिल्यांदाच करतोयस, मनापासून आनंद झाला. चाकू जरूर घे, पण भाजी चिरायचा छोटा, तीन-चार इंची पात्याचा. कागदात गुंडाळून काकडी-लिंबांच्या डब्यात, सॅकच्या तळाशी ठेव.

नवी पोरं चुकतात ती इथंच. बटण दाबलं की पातं उघडणारा चाकू घेतात आणि कमरेला लावून एसटी स्टँडवर फिरतात. नाकाबंदीत पोलिसाला आधी तोच दिसतो.

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजतात; घरकामाचे, शेतीचे वगळून. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. सणात, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ खाली बंदी आदेश निघतो, त्यात लहान चाकूही अडकू शकतो. निघण्याआधी पेपर बघ.

- अडवलं तर हात बॅगेत घालू नकोस. "साहेब, डब्यात चाकू आहे, ट्रेकला चाललोय," असं आधी सांग.
- चाकूसोबत फोटो, रील अजिबात नको.
- परत आलास की चाकू स्वयंपाकघरात. गाडीच्या डिकीत राहिलेला चाकू महिन्याभरानं रंकाळ्यावर सापडला, तर ट्रेकचं कारण कोण ऐकणार?