वाचकांचे प्रश्न : जुने स्कूबा डायव्हिंगचे रेग्युलेटर

प्रश्न : काकांचा यू.एस. डायव्हर्सचा कॉनशेल्फ रेग्युलेटर माझ्याकडे आला आहे. टाकीला जोडला की आधी गप्प असतो, दहा मिनिटांनी सेकंड स्टेजमधून (तोंडात धरायच्या भागातून) हवेचा फुसफुस आवाज सुरू होतो. या नावाची कंपनी आता दिसत नाही. सुटे भाग कसे मिळवायचे? (वाशी)

उत्तर : कंपनी गेली नाही, नाव बदलले. फ्रान्सच्या एअर लिक्विडने १९४६ मध्ये ला स्पिरोटेक्निक काढली आणि १९५७ मध्ये अमेरिकेची यू.एस. डायव्हर्स विकत घेतली. हेच कुटुंब पुढे ॲक्वा लंग नावाने ओळखले जाऊ लागले. १९९७ मध्ये इंग्लंडची एपेक्सही त्यात आली, आणि झीगल या ब्रँडच्या नावाने विकल्या गेलेल्या कित्येक फर्स्ट स्टेज (टाकीवर बसणारा, हवेचा दाब कमी करणारा भाग) एपेक्सनेच बनवलेल्या आहेत. म्हणून भाग शोधताना झाकणावरचे नाव पुरत नाही, मूळ कारखाना शोधावा लागतो. तरीही सुट्या भागांचे किट मिळाले की जुनी आणि नवी सीट (फर्स्ट स्टेजमध्ये हवेची वाट बंद करणारा छोटा भाग) शेजारी ठेवून व्यास आणि उंची व्हर्नियरने मोजाच. दिसायला जुळी वाटणारी सीट अर्ध्या मिलिमीटरने फसवते.

आता आवाजाचे. उशिरा सुरू होतो, यावरूनच फर्स्ट स्टेजचा संशय येतो. तिची सीट झिजली की टाकीतली हवा थेंबाथेंबाने पुढे झिरपते आणि मधला (दोन्ही स्टेजमधल्या होजचा, म्हणजे नळीचा) दाब चढत जातो. सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह डाउनस्ट्रीम असतो, म्हणजे मागून दाब वाढला की तो स्वतःच उघडतो. तो बिघडलेला नसतो, तुम्हाला वाचवत असतो. सेकंड स्टेजचा स्क्रू आवळून आवाज बंद करू नका.

खात्री करायला जॅकेटच्या इन्फ्लेटर होजला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीला) मधल्या दाबाचा गेज लावा आणि भरलेली टाकी उघडा. पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचे, दाबले की हवा सोडणारे) पाच-सहा वेळा दाबून सोडा. काटा साधारण ९ ते १० बारवर येऊन थांबला पाहिजे. पाच मिनिटे नजर हलवू नका. काटा चढतच राहिला तर सीट बदलायची. काटा स्थिर असून हवा गळत असेल, तरच दोष सेकंड स्टेजमध्ये.

सीट बदलताना ती जिथे टेकते ती पितळी कड दहापट भिंगाखाली पाहा. केसाएवढी खाच असली तरी नवी सीट काही डाइव्हमध्येच कापली जाते, आणि मग लोक किटला दोष देतात. ही खाच बहुतेक वेळा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) काढताना वापरलेल्या स्टीलच्या टोच्याने पडलेली असते. प्लास्टिकचा किंवा पितळी टोच्या वापरा. जोडणी झाल्यावर फर्स्ट स्टेजचा दाबाचा स्क्रू आधी पूर्ण सैल करा, मग टाकी उघडा आणि एक अष्टमांश फेऱ्याने आवळत दाब वर आणा, प्रत्येक वेळी पर्ज करून. नवी सीट बसायला वेळ घेते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तारकर्लीला नेण्याआधी तलावात वापरून पाहा.

प्रश्न : जुन्या फर्स्ट स्टेजची सगळी छिद्रे एकाच मापाची आहेत. नवीन होज कुठेही लावला तर चालेल का? (नेरूळ)

उत्तर : नाही, यात जीव धोक्यात येतो. आजकाल उच्च दाबाचे छिद्र ७/१६ इंच आणि कमी दाबाचे ३/८ इंच असते, त्यामुळे चूक होत नाही. जुन्यांत दोन्ही ३/८ असू शकतात. कमी दाबाचा होज उच्च दाबाच्या छिद्रात बसला की त्यावर टाकीचे २०० बार येतात आणि तो फुटतो. त्या छिद्राजवळ ‘एचपी’ (हाय प्रेशर, म्हणजे उच्च दाब) कोरलेले आहे का पाहा. नसेल तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून ओळखून घेऊन तिथे खूण करा.

प्रश्न : फर्स्ट स्टेजच्या तोंडाची जाळी हिरवी झाली आहे. व्हिनेगरमध्ये धुऊ का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : जाळी धुऊ नका, बदला. हिरवा रंग म्हणजे आत पाणी शिरून पितळ गंजलेले, तांबूस म्हणजे लोखंडी टाकीतला गंज. हिरवी असेल तर फर्स्ट स्टेज पूर्ण उघडावीच लागेल. पितळी भागांसाठी पांढरे व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात, अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) पाच मिनिटे. जास्त ठेवले तर क्रोम उतरते. रबर, प्लास्टिक आणि रंगीत ॲल्युमिनियम त्यात घालू नका. नंतर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात.

पाणी शिरते ते बहुधा दोन वाटांनी : फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचे ओले टोपण तसेच बसवल्याने, किंवा नळाखाली धुताना पर्ज दाबल्याने. टाकी जोडलेली नसताना पर्ज दाबले की पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जाते.