नागपुरात जुनं घड्याळ दुरुस्तीला देताना काय बघावं?
वडिलांचं चावीचं एचएमटी जनता द्यायचंय म्हणता, तर सीताबर्डी असो की इतवारी, पहिले कारागिराचा हात बघा. चांगला माणूस डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण तुमच्यासमोरच उघडतो, बिघाड दाखवतो अन् खर्च आधीच सांगतो. बदललेला जुना पार्ट परत मागा. कुरकुर केली तर उठाच तिथून. साफसफाई, ऑइलिंग झाल्यावर घड्याळ चालवून पाहायला तो दोन-चार दिवस ठेवून घेईल, तेव्हा घाई करू नका. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागेपुढे होणारच, सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळासारखी अपेक्षा नको. माझ्या घड्याळाची काच एकाने सेल टाकताना ओरखडली, वर म्हणतो, 'आधीचंच आहे!' तेव्हापासून देण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो.