एक्झोऱ्याची नवी पानं पिवळी पडतात आणि फुलं येत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गोरेगावच्या बाल्कनीतल्या लाल एक्झोऱ्याची शेंड्याकडची पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत, आणि दर महिन्याला डीएपी (नत्र-फॉस्फेटचं रासायनिक खत) व अंड्याची टरफलं घालूनही फूल नाही. ही दोन्ही आधी बंद करा. खत कमी पडलेलं नाही, झाडाला लोह उचलता येत नाहीये.

एक्झोरा कॉफीच्या कुळातला, मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला. त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५ ते ६. सामू ७ च्या वर गेला की मातीत लोह असूनही ते विरघळत नाही, आणि जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे सरकत नाही, म्हणून फटका कोवळ्या पानांना बसतो. खालची जुनी पानं पिवळी पडत असती तर मॅग्नेशियमचा संशय घेतला असता. जुन्या पानांवर तांबूस-जांभळे डाग आले तर पोटॅश कमी.

मुंबईत सामू बहुतेक वेळा सिमेंटमुळे चढतो. छज्ज्यावरून ओघळणारं पाणी, डागडुजीच्या वेळी कुंडीत पडलेलं प्लास्टर, टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी, सगळ्यांतून चुना येतो. महापालिकेचं तलावाचं पाणी त्यामानाने मऊ असतं, तेच वापरा. टरफलं म्हणजे चुनाच, राख आणि बोनमील (हाडांचा चुरा) हीही त्याच वाटेने जातात. डीएपीतला फॉस्फेट जास्त झाला की उरलंसुरलं लोह बांधून ठेवतो.

खात्री करायची तर चमचाभर सुकी माती वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. फसफसली की चुना आहे. तशी माती दुरुस्त करत बसू नका, बदला. बारा इंची कुंडीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेलं पानखत आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती लाल माती पावसाळ्यात थापली जाते आणि मुळं गुदमरतात. मुळं कुजली तर लोह घालूनही पान हिरवं होत नाही, म्हणून जूनपासून कुंडीखालची ताटली काढून ठेवा.

माती फसफसली नाही तर चमचाभर बागेचं गंधक वरच्या थरात मिसळा. त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात. तोवर चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहील अशा रूपातलं लोह, पाकिटावर ईडीटीए लिहिलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) स्वस्त पडतो. तो लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम विरघळवून महिन्यातून एकदा ओल्या मातीत द्या. मात्र हिराकसाचे खडे फिकट हिरवे असावेत. तांबूस भुकटी झालेला घेऊ नका, त्यातलं लोह गंजून गेलेलं असतं. द्रावण ताजं वापरा आणि टाइल्सवर सांडू देऊ नका, तो डाग निघत नाही. फरक नव्या पालवीत शोधा, दोन-तीन आठवड्यांत दिसायला हवा. फार जुनी पिवळी पानं बहुधा तशीच राहतील.

आता फुलांचं. एक्झोऱ्याचा गुच्छ फांदीच्या टोकाला येतो. झाड गोल दिसावं म्हणून दर पंधरा दिवसांनी शेंडे कातरले तर त्यांच्याबरोबर येणारी फुलंही जातात, आणि सोसायटीच्या बागांमधून हे सर्रास होतं याचं फार वाईट वाटतं. बहर संपला की सुकलेल्या गुच्छाखाली पानांची एक-दोन जोडी धरून कापा, मग दीड-दोन महिने कात्री लावू नका. उन्हाला पर्याय नाही: रोज किमान चार तास थेट ऊन. उत्तरेकडच्या बाल्कनीत पानं सुरेख होतील, गुच्छ मोजकेच येतील.

ग्रिलवरून मुंग्यांची रांग कुंडीत उतरत असेल तर पानांच्या बेचक्यात बघा, पांढरा कापूस दिसला की समजा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) आहे. कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घालून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. हे लोहाच्या फवाऱ्यात मिसळू नका, मध्ये चार दिवस जाऊ द्या.