सहा वर्षं वॉर्डात काढली, तरी एनक्लेक्सचे मेडिकल-सर्जिकलचे प्रश्न का चुकतात?

सर्जिकल वॉर्डात सहा वर्षं झाली, एनक्लेक्ससाठी (अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा) पुस्तक दोनदा वाचलं, तरी सरावात निम्मे प्रश्न चुकतात, असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी हेच झालं होतं आणि पहिल्या खेपेला मी नापास झाले. वाचन पुरे झालं आता. आड येतेय ती वॉर्डातली सवय.

सरावातला एक प्रश्न सांगते. कूस बदलताना पेशंटच्या आयसीडीची, म्हणजे छातीतली हवा किंवा द्रव बाटलीत काढणारी, नळी बाटलीपासून निसटली. आधी काय कराल? नळीला क्लॅम्प (चिमटा) लावाल, डॉक्टरांना कळवाल, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघाल, की नळीचं टोक स्टराइल पाण्यात बुडवाल? मी डोळे झाकून क्लॅम्प निवडला. आमच्याकडे अशा पेशंटच्या उशाशी क्लॅम्प करायला दोन आर्टरी फोर्सेप्स ठेवलेल्याच असायच्या, हात आपोआप तिकडेच जायचा. बरोबर उत्तर पाणी. फुप्फुसातून हवा गळत असताना वाट बंद केली, तर ती छातीत कोंडते आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो, म्हणजे त्या हवेनं फुप्फुस आणि हृदय दाबलं जातं. टोक दोनेक सेंटिमीटर पाण्याखाली असलं की हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, उलटी आत शिरत नाही. बाटलीसुद्धा एवढंच तर करते! हे एकदा कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. वॉटर सीलमधलं (बाटलीत नळीचं टोक बुडतं ते) पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय, ठीक आहे. बुडबुडे थांबतच नाहीत, म्हणजे कुठेतरी गळती. नळी छातीतूनच निघाली, तर ड्रेसिंग तीनच बाजूंनी चिकटवायचं, कारण हवेला बाहेर जायला वाट हवी.

दुसरी सवय ‘डॉक्टरांना कळवा’ची. रक्त चढवताना थंडी वाजून ताप आला, तर आधी रक्त बंद करायचं, फोन नंतर. पण प्लास्टरमधल्या पायाचं दुखणं मॉर्फिननंही हटत नसेल आणि बोटं ताणली की पेशंट कळवळत असेल, तर लगेच सर्जनलाच बोलवायचं. तिथे आत दाब वाढून पायाचा रक्तपुरवठा आटत असतो, पाय उशीवर उंच ठेवायला गेलात तर तो आणखी कमी होईल. मी प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचे, माझ्या हातात आत्ता काही करण्यासारखं आहे का?

कामं वाटून देण्याचे प्रश्नही आपल्याला परके वाटतात, कारण आपल्या वॉर्डात मावशी पेशंटची निम्मी खबर आणून देतात. अमेरिकेत स्थिर पेशंटची आंघोळ, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) मदतनिसाला देता येतात. तपासून निष्कर्ष काढणं आणि शिकवणं मात्र आरएनचंच (रजिस्टर्ड नर्सचं).

बाकी परीक्षा पाच तासांची, प्रश्न 85 ते 150, मागे जाता येत नाही. एप्रिल 2023 पासून केस स्टडी आल्यात, त्यांत अर्धवट बरोबर उत्तरालाही काही गुण मिळतात.

आणि डोसच्या गणितात कधीकधी वजन पौंडात दिलेलं असतं. आधी 2.2 ने भागून किलो करा. सरावात माझी दोन गणितं त्यातच गेली.