नव्वदीतल्या माणसाला घेऊन आजाऱ्याच्या भेटीला: तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरणारे निघाले. घरातलं खूप म्हातारं माणूस, आणि लांब कुठेतरी आजारी पडलेला त्याचा भाऊ, बहीण, कधी तर मुलगाच. न्यायचं की नाही, नेलं तर कसं. वृद्धांच्या दवाखान्यात बसून मी हे प्रश्न रोजच ऐकते, त्यामुळे आज फक्त हेच घेते.

प्रश्न: आजी ९२ वर्षांची आहे. तिची धाकटी बहीण शेवटच्या आजारपणात आहे, गाडीने आठ तासांवर. आजी म्हणते मला न्या. बाबा आणि काका म्हणतात वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची. डॉक्टर म्हणाले तुमचं तुम्ही ठरवा.

डॉक्टर असं म्हणतात कारण आपण विचारतोच असं की "नेऊ का?" त्याला हो म्हटलं तरी पंचाईत आणि नाही म्हटलं तरी पंचाईत, मीसुद्धा टाळाटाळच करीन. त्याऐवजी विचारा की गेल्या महिन्याभरात हिच्या तब्येतीत काय बदललंय, आठ तासांत नेमकं काय बिघडू शकतं आणि बिघडलंच तर पहिल्या अर्ध्या तासात आम्ही काय करायचं. याची उत्तरं मिळतात, आणि ती कागदावर लिहून घ्या.

थांबायला लावणाऱ्या गोष्टी अगदी सरळ आहेत. नुकताच झालेला हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक, बसल्या जागी लागणारी धाप, ताप, आणि दोन-तीन दिवसांत अचानक आलेला गोंधळ, म्हणजे कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज भलतंच बोलायला लागलं तर ते वय नव्हे, तो आजार आहे, बऱ्याचदा लघवीचं इन्फेक्शन, कधी पाणी कमी पडलेलं, कधी नुसतं पोट साफ न झालेलं. ते आधी बघायचं, प्रवास नंतर.

यातलं काही नसेल तर एक रंगीत तालीम करा. दोन तास गाडीतून फिरवून आणा, एकदा उतरवा, परत बसवा, घरी आणा आणि दुसरा दिवस कसा जातो ते बघा. दुसरा दिवस मुद्दाम म्हणते, कारण म्हातारं माणूस त्या दिवशी उसनं अवसान आणून तग धरतं आणि थकवा दुसऱ्या दिवशी दिसतो.

आता बाबा-काकांबद्दल. वाटेत काही झालं तर, हे त्यांचं बरोबरच आहे, पण न नेऊन बहीण गेली तर आजीच्या मनाचं काय, हेही त्याच तराजूत घालायला हवं ना. ९२ वर्षांच्या बाईला कळतं हो धोका काय असतो ते, आपल्यापेक्षा जास्त कळतं. कधीकधी मात्र उलटं असतं, आजीला जायचंच नसतं, तिला बहीण जशी आठवते तशीच ठेवायची असते आणि मुलंच लोक काय म्हणतील म्हणून तिला ओढून नेतात. म्हणून तिला एकटीला बसवून विचारा, चारचौघांत नको.

आणि ठरलं तर पटकन जा, "जरा बरं वाटू दे मग भेटवू" यात भेटी हुकलेल्या मी फार पाहिल्यात. आठ तासांचे दोन दिवस करा. पोचल्या पोचल्या हॉस्पिटलात नेऊ नका, रात्रभर झोपू दे, सकाळी आंघोळ-औषधं झाल्यावर तिचा जो चांगला तास असतो (प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक असतोच, घरच्यांना बरोबर माहीत असतो) तो भेटीसाठी राखून ठेवा. एवढा सगळा खटाटोप त्या दहा मिनिटांसाठी आहे, आणि बहुतेक लोक ती दहा मिनिटं दमलेल्या, भुकेल्या, लघवी तुंबवून बसलेल्या माणसाला देतात.

प्रश्न: सासूबाई ८८ च्या. प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात, लघवी होण्याची गोळीही घेत नाहीत. समजावून थकले.

समजावू नका, त्यांची भीती खरी आहे. सगळ्यांसमोर कपडे ओले होण्यापेक्षा तहानलेलं बरं, असा साधा हिशोब असतो. पण पाणी तोडलं की चक्कर, बद्धकोष्ठ, गोंधळ, सगळं रांगेत उभं राहतं, आणि गोळी आपल्या मनाने सोडली की पायांवर सूज आणि धाप.

फ्युरोसेमाईडसारखी गोळी असेल तर तिचा परिणाम तासाभरात सुरू होतो, पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जोरात असतो आणि सहा-आठ तासांत ओसरतो. म्हणजे प्रश्न वेळेचा आहे. त्या दिवशीपुरती गोळी मुक्कामी पोचल्यावर दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या, बऱ्याच जणांना चालतं, काहींना नाही. पाणी एकदम ग्लासभर नको, घोट घोट. आणि गाडी दर दीड तासाला थांबणारच हे निघतानाच जाहीर करून टाका. "तुम्हाला जायचंय का?" असं विचारलंत की उत्तर नाहीच येणार. "मला पाय मोकळे करायचेत, चला" म्हणा. पॅड वापरायचं असेल तर आदल्या आठवड्यात घरी एक-दोनदा घालून बघू दे, एकदम प्रवासाच्या सकाळी हातात ठेवलंत तर अपमान वाटतो. बदलायचे कपडे डिकीतल्या मोठ्या बॅगेत तळाशी नकोत, पायाशी छोट्या पिशवीत ठेवा.

गाडीत बसवताना आधी पाय आत घालायला लावू नका. सीटकडे पाठ करून उभं करायचं, मांडीमागे सीट लागली की बसवायचं, डोकं सांभाळायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की माणूस सहज वळतं, पण वळल्यावर पिशवी काढा हं, नाहीतर ब्रेक मारला की पट्ट्याखालून घसरायचं. उतरताना पाय बाहेर काढून एक-दोन मिनिटं तसंच काठावर बसवा. बराच वेळ बसून एकदम उठलं की वरचं बीपी २० अंकांनी किंवा त्याहून जास्त खाली येऊ शकतं, आणि प्रवासात पडणारी बरीच माणसं याच क्षणी पडतात.

प्रश्न: गाडी लागते म्हणून उलटीची गोळी, किंवा शांत झोपावं म्हणून झोपेची गोळी दिली तर?

नका देऊ. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या जुन्या पद्धतीच्या अँटीहिस्टामाईन (ॲलर्जीवरच्या, गुंगी आणणाऱ्या) असतात, त्यांनी ऐंशीच्या पुढच्या माणसाला गोंधळ होतो, लघवी अडकते, तोल जातो. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी आहे, बीअर्स क्रायटेरिया नावाची, १९९१ मध्ये पहिल्यांदा आली आणि २०२३ मध्येही अपडेट झाली, त्यात या गोळ्याही आहेत आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्याही. पुढची सीट, समोर नजर, खिडकी थोडी उघडी, पोट ना रिकामं ना गच्च. तरी त्रास होत असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा, शेजाऱ्यांच्या डब्यातली गोळी नको.

प्रश्न: वडील ८५, फुप्फुसाचा जुना आजार. आत्याला भेटायला सहा तासांचं विमान. व्हीलचेअर सांगितलीय, आणखी काय?

व्हीलचेअरपेक्षा ऑक्सिजनचा विचार आधी. विमानातली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असते. धडधाकट माणसाला कळतही नाही, पण ज्याचं ऑक्सिजन जमिनीवरच काठावर आहे त्याला कळतं. म्हणून तिकिटाआधी डॉक्टर. ते म्हणाले ऑक्सिजन लागेल, तर एअरलाईनचा मेडिकल फॉर्म भरावा लागतो. घरचा सिलिंडर सहसा चालत नाही, मान्यता असलेलं छोटं कॉन्सन्ट्रेटर मशीन (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं) चालतं, आणि त्याच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या मागतात, सहा तासांना नऊ तासांच्या. या जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच.

व्हीलचेअर सांगताना एक घोळ हमखास होतो. तिचे तीन प्रकार असतात: जिने चढू शकतो पण लांब चालवत नाही, जिने चढू शकत नाही, आणि सीटपर्यंतसुद्धा चालू शकत नाही. वडील शेजारी बसलेले असतात म्हणून आपण मान राखायला पहिला प्रकार सांगतो आणि मग विमानाच्या शिडीखाली सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. खरं आहे ते सांगा, निदान ४८ तास आधी सांगा.

औषधं सगळी हातात, दोन-चार दिवसांची जास्तीच. इन्सुलिन तर खालच्या सामानात अजिबात नको, तिथं गोठू शकतं आणि गोठलेलं फेकायचंच. चार तासांहून लांब बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे; मुळात तो धोका लहानच, सहा हजारांत एखादा, पण वय झालेल्या आणि हालचाल कमी असलेल्या माणसाला जास्त. कडेची सीट घ्या, घोटे फिरवायला लावा, जमेल तेवढं उठवा. आणि परतल्यावर साधारण चार आठवडे एकाच पायावर सूज किंवा अचानक दम लागणं दिसलं तर वाट बघत बसू नका.

प्रश्न: वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. काका अत्यवस्थ आहेत हे सांगायचं का? सांगितलं तर दर दहा मिनिटांनी तेच विचारतील.

विचारणारच. तरी एकदा सांगा, छोट्या वाक्यात, "दादा आजारी आहे, आपण त्याला भेटायला चाललोय." खोटं सांगून नेलंत तर खोलीत गेल्यावर त्यांना एकदम धक्का बसतो आणि तोपर्यंत कोणीच काही बोललं नाही याचा राग येतो, कारण लक्षात राहत नसलं तरी राग उरतोच. वाटेत परत विचारलं की परत तेच वाक्य, त्याच आवाजात. "आत्ताच सांगितलं ना" हे एवढं मात्र गिळायचं.

पुढे काका गेले तर तेही एकदा नीट सांगा, रडू द्या. त्यानंतर "दादा कुठाय?" म्हणाले तर प्रत्येक वेळी नव्याने मरणाची बातमी द्यायची गरज नाही, त्यांना ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळते. "आठवण येतेय का? लहानपणी फार मारामारी करायचात म्हणे तुम्ही" असं काहीतरी म्हणा आणि ते काय बोलतात ते ऐका. हे काही जणांना फसवणूक वाटतं, मला नाही वाटत.

मुक्कामी उजेड असताना पोचा. संध्याकाळी परक्या घरात यांचा गोंधळ वाढतो. घरची उशी-पांघरूण न्या, उजेडातच बाथरूमची वाट दोनदा चालवून दाखवा, रात्री तिथला दिवा चालू ठेवा. चष्मा आणि कानाचं मशीन उशाशी, बॅगेत नाही.

प्रश्न: निघायच्या आदल्या दिवशी आजोबांना सर्दी झालीय. मास्क लावून चालेल?

नाही. पेशंटची केमो चालू असेल तर प्रश्नच नाही, नसली तरी दोघंही नाजूक. तिकीट पुढे ढकला. अगदीच शेवटचे काही तास असतील तर वॉर्डच्या नर्सला खरं सांगून विचारा, त्या काहीतरी वाट काढतात. फ्लूची लस घ्यायची असेल तर ती लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, निघायच्या सकाळी घेऊन उपयोग नाही.

प्रश्न: बहीण आता ओळखूही येत नाही अशी झालीय. आईला काय सांगून आत न्यावं?

जे दिसणार आहे ते सांगा. नाकात नळी आहे, हात सुजलेत, डोळे बहुतेक मिटलेलेच असतात. जमलं तर आधी तुम्ही आत जाऊन बघून या.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगते. ९१ ची मोठी बहीण ८७ च्या धाकटीला भेटायला आली होती. आल्या तेव्हा खाट वर केलेली, या व्हीलचेअरमध्ये खाली, त्यामुळे यांना दिसत होती फक्त गादीची कड, आणि मागे चार नातेवाईक एकाच वेळी मोठमोठ्याने "बोला, बोला तिच्याशी" करतायत. मी सगळ्यांना बाहेर काढलं, नर्सने बटण दाबून खाट खाली घेतली, खुर्ची खाटेला तोंड करून न लावता आडवी लावली म्हणजे हात पोचतो, कानाचं मशीन बघितलं तर बंदच होतं. मग मी पण बाजूला झाले. मोठीने धाकटीचा हात हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "नखं कोणी कापली नाहीत हिची." बराच वेळ ती एकेका बोटावरून अंगठा फिरवत बसली होती. बोलणं एवढंच झालं. परत जाताना तिने नर्सकडे नखं कापायचं सांगून ठेवलं.

तेव्हा "काय बोलायचं" याची चिंता करू नका. हात पोचतोय का, दिसतंय का, ऐकू येतंय का, एवढं बघा. आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर आणा, पाणी द्या, हवं असेल तर परत न्या.

प्रश्न: आम्ही वाटेत असतानाच ती व्यक्ती गेली तर?

हे विचारलंत ते बरं केलं, याची तयारी कोणी करत नाही. निघण्याआधीच तिकडच्यांना सांगून ठेवा की बातमी एकाच नंबरवर द्यायची, आणि तो नंबर गाडी चालवणाऱ्याचा नको. आमच्याच घरी झालंय हे. मामाला घेऊन चाललो होतो, फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, तिकडून कोणीतरी नमस्कार-चमत्कार न करता सरळ "गेला" म्हणालं, मामा मागच्या सीटवर, आणि पुढचा पाऊण तास गाडी थांबवायला जागा नाही.

कळलं की लगेच सांगायची घाई नको पण तासनतास लपवूही नका, म्हाताऱ्या माणसांना आपल्या मानेवरून कळतं. पुढच्या थांब्यावर नीट बसवा, पाणी होऊ दे, साखरेचा त्रास असेल तर दोन घास पोटात जाऊ देत, मग सांगा. नंतर पुढे जायचं की मागे फिरायचं हे त्यांनाच विचारा, आणि लगेच उत्तर नाही आलं तर गाडी तिथंच उभी राहू द्या.